वरच्या कडेला खळ

दुपारी डुलकी लागता लागता मला अजूनही गव्हाच्या खळीचा वास येतो. दादा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावाजवळच्या सटाण्यात एका वकिलांकडे कारकून होते. वकिलांनी राज्यघटनेची आपली जुनी प्रत त्यांना देऊन टाकली होती. घटनेत दुरुस्ती झाली की दादा नवा मजकूर सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर उतरवायचे आणि जुन्या ओळींवर चिकटवायचे. रविवारची दुपार, पडवीत हळूहळू सरकणारं ऊन, वाऱ्यावर कांद्याचा वास, आणि खळीची वाटी धरून बसलेली मी.

खळ लावायची ती फक्त वरच्या कडेला. म्हणजे चिठ्ठी उचलली की खालचं जुनंही वाचता येतं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, मतदानाचं वय एकविसाचं अठरा झालं. पुस्तक तव्यावरच्या भाकरीसारखं फुगत चाललं होतं. मी पेंगत पेंगत चिठ्ठ्या वरखाली करायचे.

मग ती चिठ्ठी आली: ग्रामपंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा. दादांनी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. पुढे सोडतीत आमचा वॉर्डच बायकांसाठी राखीव निघाला. आमच्या आळीला नळ नव्हता, तो आणायचा म्हणून आईला उभं राहायचं होतं. तिने विचारलं तेव्हा दादा चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला सोडतीत आमचा वॉर्ड राखीव निघालाच नाही. घ्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. आई हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जात राहिली. दादांवरचा तो राग मी मात्र ते गेल्यावरही सोडला नाही.

ते पुस्तक आता शहरात, गंगापूर रोडवर माझ्या घरी आहे. लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना जागा द्यायची दुरुस्ती झाली, तिची चिठ्ठी मी कित्येक दिवस लिहून ठेवली होती. परवा आई गावाहून आली, म्हणून मुद्दाम खळ शिजवली. हे कधीपासून लागू, असं तिने विचारलं. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, आणि मग कुठे लागू, असं मी सांगितलं. ती स्वतःशीच हसली. मग हळूच म्हणाली की आपला वॉर्ड यंदा पुन्हा बायकांचा निघालाय आणि ती उभी राहणार आहे.

सत्तरीची बाई, गुडघे धरून जिना चढते. मला काळजीच वाटली, दुसरं काही नाही.

"आई, यंदा राहू दे," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला वहिनीला उभं करू."

बोलून गेले आणि माझे कान तापले. आईने दादांच्या त्या जुन्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"तुझे दादाबी हेच म्हणले होते," ती म्हणाली. "मला आता पुढची खेप नाय, बाई."

मी खळीचे हात धुतले आणि अर्ज भरायला लॅपटॉप उघडला. पहिला रकाना उमेदवाराच्या नावाचा होता. तो तिने मला भरू दिला नाही. एकेक अक्षर शोधत तिने स्वतःच भरला.