शिशाचा आणखी एक तुकडा

शेजारचे साठेकाका तीन वर्षं रिमोटवर उडणारं लढाऊ विमान बांधताहेत. किट विकतचं, पण काकांनी त्यात इतके फेरफार केलेत की मूळचं फारसं काही उरलेलं नाही. काल तोल बघायला त्यांनी मला बोलावलं. दोघांनी एकेका पंखाखाली दोन बोटं धरायची आणि विमान अलगद उचलायचं.

माझ्याकडचा पंख स्थिर होता. त्यांच्याकडचा थरथरत होता.

"बघ, अजून डुलतंय," काका म्हणाले. "नाक हलकं पडतंय." त्यांनी नाकात शिशाचा आणखी एक तुकडा चिकटवला. मागच्या आठवड्यात शेपटीत चिकटवला होता.

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण बोटांना रग लागली तेव्हा कळलं, हे आता जमीन सोडायचं नाही. आपल्या हाताचा कंप माणसाला हातातल्या वस्तूतच दिसतो, आणि मग तो बिचारा जन्मभर वस्तूच दुरुस्त करत बसतो.

आम्ही पुन्हा उचललं.

"आता?" काकांनी विचारलं.

"थोडंसं डुलतंय," मी म्हणालो, आणि शिशाची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली.