सावडीबाहेर

रोपांची जुडी माझ्या छातीवर आदळली आणि चिखल तोंडावर उडाला.

“झेल गं, पुण्याचं पार्सल!” वरच्या खाचरातून कुणीतरी ओरडलं. बायका हसल्या. त्या ओळीनं वाकलेल्या, खांद्याला खांदा लावून. मी खालच्या खाचरात एकटी.

ते कोरोनाचं वर्ष होतं. पुण्यात आम्ही नवराबायको पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होतो. पुस्तकांचे छापील फर्मे, म्हणजे मोठाले ताव, दुमडता दुमडता मी ते वाचायची. काम बंद पडलं. मग नवरा तापानं पडला. तो गेला, तरी इस्पितळानं मला त्याचं तोंडही पाहू दिलं नाही. मी एकटीच विंझरच्या पुढं, आमच्या गावी परतले. शाळेत वेगळी राहिले, मुदत भरली, तपासणीत काही निघालं नाही. तरी मी पाण्याला गेले की बाया मागं सरायच्या.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात आमचे हात, उद्या आमच्या खाचरात तुमचे. म्हणून मी त्या दिवशी आबांच्या लावणीला गेले होते. गावातलं सर्वांत मोठं रान त्यांचं. माझं जरासं, पण त्यातली रोपं पिवळी पडायला लागली होती.

दिवस मावळला. मी खालूनच विचारलं, “आबा, उद्या माझ्याकडं कोन कोन येनार?”

आबांनी तोंडावरचं उपरणं घट्ट केलं. “तुझ्या रानात कोन येनार, बाई? तुझा नवरा त्याच रोगानं गेला. आमच्या घरात लेकरं हायेत.”

“मग माझं हात तुमच्या चिखलात कसं चाललं?”

“लई बोलू नगंस. सकाळी ये. वढ्याकडचं रान ऱ्हायलंय.”

माझा नवरा दरवर्षी रजा काढून यांच्या लावणीला यायचा. तीच माणसं आता खाली मान घालून पाय धूत होती. त्यांना रोगाची भीती होती, हे खोटं नव्हतं. पण ती भीती त्यांच्या गरजेपाशी येऊन थांबत होती. ते मला तिथं, चिखलात उभ्याउभ्या कळलं.

“न्हाई येनार,” मी म्हटलं.

“एकटीनं किती लावशील?”

“हुईल तेवढं.”

अर्धंच झालं. उरलेली रोपं वाळली. घरात बोलायला कुणी नव्हतं. भाकरी थापताना मी वाचलेलं काहीबाही मोठ्यानं म्हणायची.

यंदा आबांनी सुनेला पाठवलं. “झालं गेलं इसरा म्हनत्यात, काकी. सावडीत या.”

मी तिला बसायला दिलं, पाणी दिलं. आणि सांगितलं, विसरणार नाही. आधी माझ्या खाचरात उतरा, मग मी तुमच्या खाचरात येईन. तोवर माझं अर्धं रान पडीक राहील. राहू दे.