प्रार्थनेतून गळलेलं नाव

धाकटा भाऊ गेला त्याला सात महिने झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा कॅथलिकांच्या चर्चमध्ये जाऊन बसले. वय माझं बावन्न. त्या चर्चवरून मी तोवर हजार वेळा गेले असेन. आमची शाळा नागपुरात, सदरमध्ये, तिथून ते चालत दहा मिनिटांवर. पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पप्पा प्रोटेस्टंट पाळक. कॅथलिकांकडे मूर्ती असतात, मेणबत्त्या लावतात, मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, आपल्यात तसलं काही नाही, हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

आणि मी गेले ती त्या मेलेल्यांच्या प्रार्थनेसाठीच.

आई आमची लवकर गेली, मी अकरावीत असताना. तेव्हा पप्पांची नेमणूक काटोलला होती. चर्चच्या मागे दोन खोल्या, आणि संत्र्याच्या दिवसांत मंडईतून येणारा वास थेट आमच्या स्वयंपाकघरात. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आईनंतर त्याला मीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. त्याच्या वह्यांना कव्हरं मी घालायचे, शर्टाची बटणं मी लावायचे. गळा त्याचा फार गोड. नाताळात चर्चची पोरं घरोघर गाणी म्हणत फिरायची तेव्हा पहिली ओळ तोच उचलायचा.

पुढे तो कोराडीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे लागला, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. दारू तिथे लागली की आधीपासूनच होती, मला नाही सांगता येणार. बायको पाच वर्षं राहिली आणि माहेरी निघून गेली. तिचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. मी लग्न केलं नाही. शाळेत मराठी शिकवत राहिले आणि पप्पांसोबत राहिले.

पप्पांच्या निवृत्तीआधीचा शेवटचा नाताळ नागपुरात झाला. त्या सकाळच्या उपासनेला भाऊ आला, पिऊन आला होता. सकाळचे दहा वाजले होते. प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायची वेळ झाली तसा तोही उठला आणि कठड्यापाशी माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला. पप्पा प्याला घेऊन एकेकापुढे येत होते. माझ्यापाशी आले, मी घोट घेतला. मग त्याच्यापुढे उभे राहिले. वास आला असणारच. त्यानं तोंड वर केलं होतं, लहानपणी औषध घ्यायला करायचा तसं. पप्पांनी प्याल्याची कड फडक्यानं पुसली आणि पलीकडच्या बाईंकडे सरकले.

तो रांग उठेपर्यंत तसाच गुडघ्यांवर राहिला, मग सगळ्यांबरोबर उठून बाहेर गेला. त्यानंतर नऊ वर्षं तो चर्चमध्ये आला नाही. नंतर आला तो पेटीतून.

पण या नऊ वर्षांत एक दिवसही पप्पांनी त्याचं नाव गाळलं नाही. रोज सकाळी सहाला आमची प्रार्थना. चहा झाकून ठेवायचा आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. आधी मंडळी, म्हणजे चर्चमधली सगळी माणसं, मग आजारी, मग मी, आणि सगळ्यात शेवटी तो. व्यासपीठावर पप्पा पुस्तकी मराठी बोलायचे, पण त्याच्यासाठी मागताना घरची बोली यायची. नाव घेऊन म्हणायचे, "बापा, त्याले संभाळ."

तो गेला तो आठवडा मला अजून दिवसवारीनं आठवतो. रविवारी उपासनेत माझा फोन पर्समध्ये, आवाज बंद. बाहेर येऊन पाहिलं तर त्याचे तीन फोन येऊन गेलेले, तीन लाल बाण एकाखाली एक. नशेत असेल, संध्याकाळी बघू, असं म्हटलं. संध्याकाळी केला नाही. सोमवारी सहामाहीचे पेपर होते. मंगळवारी दुपारी कोराडीहून त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. रक्ताची उलटी होऊन तो खोलीतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळी किंवा सोमवारी. नक्की कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही.

त्या तीन फोनांबद्दल मी कुणाशी बोलले नाही.

जरीपटक्याच्या कब्रस्तानात त्याला ठेवलं. पप्पा पंच्याहत्तरचे होते, खुर्चीत बसून राहिले. विधी नव्या पाळकसाहेबांनी केला. लोकांनी प्रार्थना केल्या, चांगल्या मनानं केल्या, पण सगळ्या आमच्यासाठी. या कुटुंबाला धीर दे, या वृद्ध पित्याला बळ दे. जो खड्ड्यात होता त्याच्यासाठी कुणी काही मागितलं नाही. आमच्यात तसं मागत नाहीत. दुसऱ्या सकाळी चहा झाकून आम्ही बसलो. मंडळी झाली, आजारी झाले, माझं नाव आलं, आणि पप्पा आमेन म्हणाले. मी मान खाली घालून वाट पाहत बसले होते. डोळे उघडले तर ते चहा पीत होते.

पंधरा दिवसांनी मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी मऊ आवाजात, की माणूस आहे तोवर त्याच्यासाठी मागता येतं, गेल्यावर ते दार लागतं. मग आपण मागे उभं राहून दार ठोकत बसू नये. हे त्यांनी आयुष्यभर किती घरांमध्ये सांगितलं असेल. मीही ते मानत होते. फक्त तोवर ते माझ्या घरातलं नव्हतं.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई कॅथलिक. त्यांची आई वारली, आणि महिन्यानं तिच्यासाठी मिस्सा होती, म्हणजे त्यांची उपासना. शाळेतल्या आम्ही चौघीजणी गेलो, ती माझी पहिली वेळ. मधल्या एका प्रार्थनेत फादरांनी बाईंच्या आईचं नाव घेतलं, मग आणखी पाच-सहा नावं घेतली, सगळी मेलेल्यांची, आणि भरलेल्या चर्चनं एका आवाजात त्यांच्यासाठी मागितलं. मला रडू आवरेना. बाईंना वाटलं मी त्यांच्या आईसाठी रडतेय. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की मी तिकडे जाऊ लागले. पप्पांना सांगायचे, थोडं काम आहे. सगळंच मला पटत होतं असं नाही. मरियेच्या पुतळ्याला हार घातलेला पाहिला की मी नजर वळवायचे. लोक तिच्या पायाला हात लावून डोक्याला लावत, तसा माझा हात कधी उठला नाही. मी मागच्या बाकावर बसायचे आणि सगळे प्रसाद घ्यायला गेले की एकटीच बसून राहायचे. एकदा धीर करून चिठ्ठीवर भावाचं नाव लिहून दिलं. फादर केरळचे. त्यांनी ते नाव जरा वेगळंच उच्चारलं, तरी तो माझा भाऊच होता.

शेवटी फादरांना जाऊन भेटले. कॅथलिक व्हायचा विचार आहे, म्हटलं. त्यांनी घाई केली नाही. माझा बाप्तिस्मा झालेला आहे आणि तो पुन्हा होत नसतो, असं म्हणाले. आमच्या चर्चमधून त्याचा दाखला आणायचा, एका सिस्टरांकडे काही महिने शिकायचं, मग ईस्टरला मला आत घेतील. मी विचारलं, मनावर एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगितली तर? ते म्हणाले, ऐकून आज घेतो, पण क्षमेचे शब्द आत आल्यावरच उच्चारता येतील. मग मी थांबले. नुसतं सांगायचं नव्हतं मला. कुणीतरी ते शब्द मोठ्यानं म्हणावेत, आणि ते माझ्या कानांनी ऐकावेत, असं हवं होतं.

आणखी एक विचारलं. पप्पांना आता चर्चला जाववत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी येतात, आणि आम्ही बापलेक दोघं ते घेतो. कॅथलिक झाल्यावर मला ते चालेल का? "सांगायला बरं वाटत नाही, पण खोटं सांगणार नाही," फादर म्हणाले. "नाही चालणार."

शाळेत आणखी एक मैत्रीण आहे, तिच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तिला हे सांगितलं तर ती हसली. तिचे आजोबा एका दिवसात सगळे देव सोडून घरी आले होते, आणि मी एकाच घरातल्या या खोलीतून त्या खोलीत जायला दोन वर्षं घेतेय, असं तिचं म्हणणं. बरोबरच होतं तिचं. पण तिच्या आजोबांबरोबर त्यांची सगळी माणसं निघाली होती. मला पप्पांना मागे सोडून जायचं होतं.

दाखल्यासाठी मी पाळकसाहेबांना भेटले आणि कारण लपवलं नाही. त्यांनी चार दिवसांनी पप्पांच्या कानावर घातलं. मी शाळेतून आले तर पप्पा जेवणाच्या टेबलापाशी बसले होते, समोर काही नाही.

"तू कॅथलिक होऊन राहिली म्हणे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"त्याच्यासाठी?"

"हो."

ते रागावतील, शिकवणीतला एखादा मुद्दा काढतील, अशी तयारी मी केली होती. त्यांनी तसलं काही केलं नाही. टेबलावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "त्या नाताळात त्याले न देता मी प्याला पुढे नेला, ते नियमानं बरोबरच होतं. पण मी त्याचं तोंड पाह्यलं, अन् मंग पुढे गेलो. न पाहता गेलो असतो तं वेगळं होतं."

इतक्या वर्षांत त्या सकाळबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. मला वाटलं, आता मलाही बोलता येईल. माझ्यासमोर एक पाळक बसला होता, आणि तो माझा बाप होता. मी म्हटलं, "पप्पा, गेला त्या रविवारी त्यानं मले फोन केला होता. तीन खेपा. मी नंतर पाह्यले, अन् उलटून केलाच नाही."

त्यांनी मान वर केली. "काहून नाही केला वं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. ते खरंच विचारत होते, त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी वाट पाहत बसले. ते आणखी काही म्हणतील असं वाटलं, काहीही. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग पोळ्या करायला उठले.

तो विषय पुन्हा निघाला नाही. आठवड्याभरानं दाखला आला. पप्पांनी स्वतः पाळकसाहेबांना फोन करून तो मागवून घेतला होता, आणि माझ्या हातात दिला. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात त्यांचंच नाव होतं. त्यांची ना नव्हती असं मी धरलं. होकार होता, असं मात्र म्हणवत नाही.

सिस्टरांकडे जाणं सुरू झालं. ईस्टर ठरला. त्याच्या तीन आठवडे आधी पप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं. पहिल्या रविवारी पाळकसाहेब आले, तेव्हा पप्पा पलंगावर उशांना टेकून बसलेले. त्यांना भाकर भिजवून दिली. मग प्याला माझ्याकडे आला, आणि पप्पा माझ्याकडे पाहू लागले. मी घेते की नाही, एवढंच ते पाहत होते. डोळ्यांतली भीती लपवायला आता त्यांच्यापाशी शब्द नव्हते. मी घेतलं. त्याच दुपारी फादरांना फोन करून सांगितलं, या ईस्टरला नको. ते म्हणाले, चर्च कुठे जात नाही, वडिलांपाशी राहा.

सकाळी सहाची प्रार्थना मी चालू ठेवली. आता मी म्हणायचे आणि ते ऐकायचे. माझं आमेन झाल्यावर त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहायचे. दोनतीनदा मी कान अगदी जवळ नेला. श्वास ऐकू आला, एखादं अक्षर ऐकू आल्यासारखं वाटलं. ते त्याचं नाव होतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. कधी वाटतं, होतं. कधी वाटतं, ते फक्त पाणी मागत होते आणि मी उगाच कान लावून बसले.

मे महिन्यात ते गेले. भर दुपारी, कूलरसमोर, मी टॉवेल ओला करून आणायला गेले होते तेवढ्यात. कब्रस्तानात भावाच्या जवळ जागा मिळाली नाही, दोन रांगा सोडून मिळाली. मंडळींनी पुन्हा माझ्यासाठी प्रार्थना केल्या. फादर आले होते. फाटकापाशी शेवटपर्यंत उभे होते, पुढे आले नाहीत.

याला आता दीड वर्ष झालं. मला अडवणारं कुणी उरलं नाही, आणि तरी मी गेलेली नाही. शनिवारी त्यांच्याकडे बसते, रविवारी आमच्याकडे. प्रभुभोजनाला दोन्हीकडे उठत नाही. आमच्याकडे घेतलं तर वाटतं, भावाला पुन्हा बाहेर ठेवलं. तिकडचं घेण्यासाठी आत जायचं म्हटलं तर पप्पांचे ते डोळे समोर येतात. सिस्टरांनी मागच्या महिन्यात फोन केला होता, नवा वर्ग सुरू होतोय म्हणून. सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

ते तीन फोन अजून माझ्यापाशीच आहेत. पप्पांना सांगून ते कमी झाले नाहीत, उलट त्यांचंही ओझं मी वाढवून दिलं. मरायच्या आधी दीड-दोन महिने, न बोलता, ते त्याच प्रश्नाला धरून पडले असतील का, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

शनिवारी मेलेल्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा मी आधी भावासाठी मागते. मग पप्पांसाठी. त्यांना हे मुळीच आवडलं नसतं. गेलेल्यासाठी मागू नये म्हणून सांगणारा माणूस तो, आणि त्याचीच मुलगी दुसऱ्यांच्या चर्चमध्ये बसून त्याच्यासाठी मागते. मी मनातल्या मनात त्यांना म्हणते, रागवा पप्पा. मले दुसरं काही सुचत नाही.