महजराला घातलेला हार

आमच्या देवघरात देवांपेक्षा एका कागदाचा थाट जास्त होता. सासरे गुरव. त्यांच्या पूर्वजांना देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी एक शेत लावून दिलं होतं आणि तसा निवाडा गावाने मिळून लिहून ठेवला होता. तोच हा महजर. मोडीतला, लांबलचक, खाली साक्षीदारांनी सहीऐवजी काढलेल्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या. शेतावर आता इमारती उभ्या आहेत आणि देवळाचं नाव रिक्षास्टँडला तेवढं उरलंय. कागद मात्र डोंबिवलीत आमच्याकडे सुखरूप होता. दसऱ्याला सासरे त्याला हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. त्यात काय लिहिलंय, ते घरात एकालाही वाचता येत नव्हतं.

मी ठाण्यात एका सरकारी ऑफिसात आहे. आमच्या साहेबांनी खालच्या दालनात आसपासच्या गावांचे जुने कागद लावायचं मनावर घेतलं, तेव्हा सासऱ्यांनी आपणहून महजर काढून दिला. "बाबा, नीट विचार करा," मी म्हटलं. "अगं, इथे तो आम्हालाच दिसतो," ते म्हणाले. "तिथे चार लोक वाचतील. आमचं गाव होतं, एवढं तरी कळेल." बाकी त्यांना काही नको होतं.

महजर काचेत बसला, शेजारी देवनागरीत वाचन लागलं. त्याला सगळ्यात जास्त जीव लावला तो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने. ती ठाकुर्लीची, बौद्ध. देवळाबिवळाशी तिला काही देणंघेणं नाही. पण साक्षीदारांत कुणब्याचा नांगर होता तसा महाराचा विळाही होता. "बघ, आमच्या माणसाला विचारल्याशिवाय तुमचा दिवा पेटला नाही," असं मला चिडवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो विळा दाखवायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कॉम्प्युटर, कपाटं, झेरॉक्स मशीन, सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. सासरे सकाळीच हजर. "दसऱ्याला तुमचं ऑफिस बंद, म्हणून आजच." काचेला कुंकू लागलं, भलाथोरला हार चढला, पायरीवर नारळ फुटला. आपल्या लोकांना तेवढंच हवं असतं. दुपारपर्यंत दाखले काढायला आलेली माणसं चपला काढून पाया पडायला लागली. वाचत कोणीच नव्हतं.

मैत्रीण जेवून आली, थबकली. "काका, हार जरा वर घेता का? विळा झाकलाय." या वेळी ती चिडवत नव्हती.

"घातलेला हार हलवू नये, बाळ," सासरे अगदी मायेने म्हणाले. "निर्माल्य झालं की काढतील."

ती जिना चढून गेली. निर्माल्य कोणी काढलं नाही. वर रोज नवा हार मात्र चढत गेला. मग अर्ज आला, सरकारी जागेत देव कशाला? त्यावर दुसरा अर्ज, हाराला हात लावून दाखवा. साहेबांनी दोन्ही अर्जांना एकच उत्तर दिलं. दालनातले सगळेच कागद उतरवले आणि रेकॉर्ड रूमच्या कपाटात बंद केले. सासऱ्यांनी महजर परत मागितला, तर नोंद झालेला कागद परत मिळत नाही, असं साहेब म्हणाले. पहिला अर्ज मैत्रिणीने केला, अशी कुजबुज अजून चालते. खरं तर महजर पुन्हा लावा म्हणून साहेबांकडे गेलेली ती एकटीच होती.

मला राग धरायलाही माणूस सापडत नाही, म्हणून जास्त जळफळाट होतो. ज्यांनी हौसेने कागद वाचायला दिला, त्यांनीच तो झाकला, आणि तेही जीव लावून.

यंदा खंडेनवमीला मी घरी आले, तर सासरे दारातच उभे. "काय गं, कपाटांना हार घातले ना आज?"

"हो," मी म्हटलं.

"मग आतल्यालाही पोचला," म्हणाले आणि समाधानाने जेवायला बसले. त्या प्रकारानंतर आमच्या ऑफिसात पूजाच बंद झाली, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.