लेन्स लावून पाण्यात

लेकीला पोहायला घालायचं ठरलं तेव्हा मला धास्ती होती ती तिच्या त्वचेची. साबण बदलला तरी तिच्या अंगावर पुरळ उठतं. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या पूलमध्ये औषध टाकलं की क्लोरीनचा भपकारा लिफ्टपर्यंत येतो. म्हणून मी तिला आधी शॉवरखाली भिजवायची, खोबरेल चोळायची, गॉगल घट्ट बसवायची आणि बाहेर आली की पुन्हा अंघोळ घालायची. नवरा म्हणायचा, "पोहायला नेतेयस की लोणचं घालतेयस?"

ती दुसरीत होती, त्यामुळे मीही पाण्यात उतरायची. माझा चष्मा मायनस आठचा. तो काढला की माणसं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. त्या गर्दीत माझं पोर कुठलं हे न कळणं मला सहन होणारं नव्हतं, म्हणून मी लेन्स लावून उतरायची. माझ्या गॉगलवर वाफ धरायची, म्हणून तोही लावत नसे. पाण्यात लेन्स नको, असं डबीवर लिहिलेलं होतं. पण अशा सूचना दुसऱ्यांसाठी असतात, असं आपण धरूनच चालतो.

सुट्टीत एका संध्याकाळी माझा उजवा डोळा लाल झाला. पोहून आलं की डोळे चुरचुरतातच, लेकीचेही चुरचुरायचे, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "उष्णता असेल गं, गुलाबपाणी घाल." घातलं. सकाळी पडदा सरकवला आणि उजेड असा टोचला की मी ओरडलेच. चष्मा लावला, डावा डोळा झाकून पाहिलं तर समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या पुसून टाकल्यासारख्या दिसत होत्या. दहा वेळा झाकून पाहिलं, दहाही वेळा तेच.

स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "लेन्स लावून पोहत होतात?" मी मान हलवली.

"बुबुळावर जखम आहे, इन्फेक्शन झालंय. भरून येईल बहुतेक. पण डाग राहिला, तर नजर पूर्ण परत येईलच असं नाही सांगू शकत."

त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली. ड्रॉप्स घालताना, कुकर लावताना, लेकीची वेणी घालताना मनात एकच विचार, हा डोळा गेला तर? लेकीला मी काही सांगितलं नाही. पण मुलांना सगळं कळतं.

पुढच्या तपासणीला घरी कोणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर नेलं. ती माझ्या मागच्या स्टुलावर बसली. डॉक्टरांनी माझ्या नंबरची भिंगं चढवली, डावा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. दोन ओळी मी धडाधड वाचल्या. तिसरीला "ग, म" म्हटलं आणि अडकले.

मागून कुजबुज आली, "ल."

"ल," मी म्हटलं.

"प."

"प."

"छान आहे की!" डॉक्टर म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की क्षणभर मीही फसले. मग भानावर आले. ल मी पाहिला नव्हता, प तर नाहीच. शाळेत मैत्रिणीला सांगावं तशी माझी लेक मला पास करत होती.

"मॅडम, ते मी वाचलं नाही," मी म्हटलं. मग तिच्याकडे वळले. "बाळा, तू बाहेर जाऊन बस."

"पण मग तुला येणारच नाही!" ती रडवेली झाली.

"नाही आलं तर नाही आलं. जा."

तिला माझ्या नजरेआड मी कधी स्वतःहून धाडलं नव्हतं. दार लागलं. डॉक्टरांनी तक्ता बदलला. दोन ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीत नुसते काळे डाग होते. मी त्या डागांकडे बराच वेळ बघत राहिले.

"नाही दिसत," मी म्हटलं, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू.