मालिकेतल्या आण्णांसाठी आलेली भाकरी

मंडळी, हसू नका, आधी ऐका.

आज दुपारी आईच्या आवडत्या मालिकेतले आण्णा वारले. आई टीव्हीसमोर मोठ्यानं रडायला लागली, "आण्णा गेले गं!" मी म्हणाले, अगं, तो नट जिवंत आहे. तर म्हणते, "असंल. पर पाच वर्सं रोज घरात येत व्हते की."

अर्ध्या तासात शेजारच्या सुमनकाकू दारात उभ्या, हातात पिठलं-भाकरीचा डबा. मयताच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पहिला कडू घास शेजाऱ्यांनी न्यायचा, ही आमच्या तामलवाडीची रीत. रडणं ऐकलं आणि काकूंनी कोण गेलं हेही न विचारता भाकरी थापल्या.

मी खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता चिडतील. त्या हसल्या, आणि हसता हसताच मटकन बसून रडायला लागल्या. "हे करोनात गेले तवा डबा घेऊन कुणीच आलं न्हाय, वहिनी."

भिंतीला भिंत लागून असून आम्हीही गेलो नव्हतो.

आईनं टीव्ही बंद केला, डबा उघडला आणि पहिला घास काकूंना भरवला.

तुमच्याकडून असा कुणाचा घास राहिलाय का?