ऑफसेट थाळी

मागच्या फोटोत मिरच्या वाळताहेत ती एवढी मोठी थाळी कसली, असं तुम्ही विचारलंत. ती टीव्हीची जुनी डिश आहे. ती माझ्याकडे कशी आली ते लिहिते. त्यात मी चांगली दिसत नाही.

तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचा, माझ्या दिराचा, गल्लीच्या तोंडाशी पायाने चालवायच्या मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिकांची प्रुफं मी तपासत असे आणि इंग्रजी स्पेलिंगच्या चुकांना लाल गोल करून परत पाठवत असे. एकदा गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, “वैनी लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकायच्या आधी पत्रिकेतल्या चुका मोजत्यात!” सगळे हसले. मी ते विसरले नाही.

पुढे ऑफसेट छपाई आली आणि त्याचं मशीन भंगारात गेलं. काही वर्षांनी फुकट चॅनेलांच्या छोट्या डिश निघाल्या, तेव्हा शिरोलीच्या भंगारवाल्याकडून त्याने एक जुनी डिश आणली. ही जमवून दाखवली की गल्लीत डिश बसवायची कामं मिळतील, एवढीच त्याची आशा होती.

डिशच्या पाठीवर इंग्रजी पट्टी होती.

“बघा की वैनी, काय लिवलंय?”

“ऑफसेट.”

“हितंबी ऑफसेट! पाठ सोडत न्हाय की!” तो हसला. “आणि खाली?”

खाली एक छोटं चित्र होतं आणि एक ओळ: ही डिश वाटते त्यापेक्षा बरीच उभी बसवावी. मी ती वाचली. चष्मा काढला आणि म्हणाले, “बाकीचं पुसलंय.”

रविवारी गल्ली जमली. केबलवाल्याच्या मोठ्या जाळीच्या डिशसारखं त्याने डिशचं तोंड आभाळाकडे केलं होतं.

“आलं का?” तो गच्चीवरून ओरडायचा.

“टीव्ही निळाच हाय!” खालून उत्तर.

“मालक, त्यात तांदूळ टाका, उन्हानं भात तरी हुईल!”

माझी जाऊ तिसऱ्यांदा चहा ठेवत होती. तेव्हा मी वर गेले, चष्मा लावला, पट्टी मोठ्याने आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचली. “भावजी, उभी करा. लिहिलंय इथं.”

चित्र आलं. टाळ्या वाजल्या. “वैनी, आमच्याकडं कधी येताय बसवायला?” जो तो मलाच विचारू लागला.

दिराने पट्टीवरून अंगठा फिरवला. एकही अक्षर पुसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने डिश माझ्या दारात आणून टाकली. “घ्या वैनी. वाचत बसा.” पुढे तो शिरोलीत एका फाउंड्रीच्या गेटवर पहारेकरी झाला.

त्याच्या मुलीची लग्नपत्रिका घरी आली, ती ऑफसेटची. निमंत्रकांत तुमच्या आजोबांचं नाव होतं, माझं नव्हतं. स्पेलिंग सगळी बरोबर होती. मी दोनदा तपासली.